वाचकांचे प्रश्न : डिलन कोणावर वैतागले होते?

प्रश्न : अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांचे ‘पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट’ हे गाणे नेमके कोणाला उद्देशून आहे? चाल इतकी प्रसन्न आणि शब्द मात्र जहरी, असे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शीर्षकातला रस्ता गाण्यात कुठेच येत नाही, त्यामुळे तर्कांना ऊत आला. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, लोकसंगीताच्या त्या बालेकिल्ल्यात, डिलन वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर राहत असत. मिनियापोलिसला, जिथे ते विद्यार्थिदशेत गात, तिथेही फोर्थ स्ट्रीट आहेच. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभे राहिले, तेव्हा काही श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली आणि अवघ्या चार दिवसांनी हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. साहजिकच, लोकसंगीताच्या शुद्धतेचा टेंभा मिरवणाऱ्या आणि इलेक्ट्रिक वाद्ये त्याज्य मानणाऱ्या त्या वर्तुळातील अनेकांना हा आहेर आपल्यालाच आहे, असे वाटले.

तरीही एखादे नाव शोधत बसू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पडत्या काळात नुसते पाहत उभा राहिलेला, आता मैत्रीचे दाखले देणारा, पाठीमागे निंदा करून रस्त्यात भेटल्यावर तोंडभर शुभेच्छा देणारा, गाण्यातला हा माणूस कोणत्याही कलावर्तुळात सापडतो आणि डिलन यांनी त्याला निनावी ठेवले म्हणूनच गाणे साठ वर्षांनंतरही शिळे झालेले नाही.

चालीविषयीचा तुमचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. या गाण्याला ध्रुवपदच नाही. एकामागून एक बारा कडवी त्याच चालीत येतात, अल कूपर यांचा ऑर्गन तोच हसरा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो आणि गायकाचा आवाज कुठेही चढत नाही. संतापलेला माणूस ओरडून मोकळा होतो; इथे मात्र बोलणारा इतका कंटाळलेला आहे की ओरडण्याइतकीही आस्था त्याच्यात उरलेली नाही, आणि ध्रुवपदाचा विसावा नसल्यामुळे तो कंटाळा ऐकणाऱ्याच्याही अंगावर येतो. शेवटच्या कडव्यात तो सूड मागत नाही. समोरच्याने क्षणभर आपल्या जागी उभे राहावे, म्हणजे त्याचे तोंड पाहणे किती नकोसे असते हे त्याला कळेल, एवढीच त्याची इच्छा आहे.