मुलगा आठवीत आहे. पुढे कुठल्या नोकऱ्या राहतील कुणाला ठाऊक; मग आत्ता त्याला काय शिकवावं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत मी गणित शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील यंत्रमागावर असतात, आया विड्या वळतात. तुमचा प्रश्न पालकसभेत दरवर्षी येतो: "मॅडम, कॉम्प्युटरला घालू की आयटीआयला?"

खरं सांगू, नुसत्या कोर्सच्या नावावर माझा भरवसा राहिलेला नाही. इथे 1877 साली पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे कितीतरी वर्षं मिलमध्ये चिकटला की पोरगं मार्गी लागलं, असंच लोक धरून चालले. माझे वडीलही तसेच शाळा सोडून मिलमध्ये लागले. मिल बंद पडली तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. हातात कसब होतं, पण चारचौघांत "मला हे येत नाही, दाखवा" म्हणायची लाज वाटायची. वर्षभर घरात बसून होते. ती लाज माझ्या मुलांना वाटू नये, यासाठीच माझी सगळी धडपड.

गेल्या वर्षी आठवीचा वर्ग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नेला. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर चालू होती, वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती. मी एवढंच विचारलं, "चादरीवर फूल कुठून येतं?" पंधरा मिनिटं कुणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, भोक असलं की ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलतोय, नसलं की खालीच राहतोय." दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून आपापली नक्षी काढली.

शेजारच्या मागावर पुठ्ठे नव्हतेच, डिझाईन पेनड्राइव्हवरून येत होतं. तिथले पन्नाशीचे कारागीर मुलांना म्हणाले, "हे मला मालकाच्या पुतण्यानं शिकवलं. रोज विचारून विचारून भंडावलं त्याला."

तेव्हा मुलाचे अपूर्णांक आणि शेकडेवारी पक्की करून घ्या. शाळेत शिकलेलं त्याला रोज घरी मराठीत समजावून सांगू द्या. अडखळला तर लगेच उत्तर पुरवू नका. सुट्टीत अजिबात न येणारं एखादं काम शिकायला पाठवा, सायकलचं पंक्चर काढणंसुद्धा चालेल.

माझ्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज एकानं आपल्याला न समजलेली गोष्ट लिहायची असते. काल तिथे होतं: "व्याजावर व्याज का लागतं?"