जीडीपीचा खरा आकडा कोणता, आणि तो बघायचा कुठे?

तुमचा प्रश्न: विकासदर, महागाई यांचे आकडे दर बातमीत वेगळे दिसतात, मग अधिकृत आकडे ऑनलाइन मिळतात तरी कुठे?

मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा घोळ दर बॅचला निस्तरावा लागतो. एकदा २०२३-२४ चा विकासदर, म्हणजे जीडीपी (देशात वर्षभरात झालेल्या एकूण उत्पादनाचं मूल्य) किती टक्क्यांनी वाढला ते विचारलं, तर वर्गातून चार उत्तरं आली: ७.३, ७.६, ८.२ आणि ९.२ टक्के. चारही फळ्यावर लिहिली, कारण चारही सरकारीच! जानेवारी २०२४ चा पहिला आगाऊ अंदाज ७.३, फेब्रुवारीअखेरचा दुसरा ७.६, मेअखेरचा तात्पुरता अंदाज ८.२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला सुधारित आकडा ९.२. पहिला अंदाज येतो तेव्हा वर्ष संपायला जवळपास तीन महिने असतात. बजेटसाठी तो घाईने काढावाच लागतो. पुढे कंपन्यांचे ताळेबंद, सरकारी हिशेब हाती येतात तसा आकडा हलतो. म्हणून वहीत आकड्याशेजारी तो कुठला अंदाज आणि कधीचा, एवढं टिपून ठेवा.

हे आकडे सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय काढतं. त्यांच्या साइटवर प्रसिद्धिपत्रकाची पीडीएफ असते. पहिल्या पानावर थांबू नका, मागचे तक्ते उघडा. तिथे ‘स्थिर किमती’ (महागाईचा परिणाम वगळून) आणि ‘चालू किमती’ (त्या वर्षीच्या बाजारभावाने) वेगळ्या दिलेल्या असतात. वरच्याच मे २०२४ च्या पत्रकात स्थिर किमतींनुसार वाढ ८.२ टक्के आहे, चालू किमतींनुसार ९.६. मथळ्यात बहुधा पहिलीच येते.

पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून स्थिर किमतींचा हिशेब होतो ते, बदललं की तर विचारूच नका. जानेवारी २०१५ मध्ये ते २००४-०५ वरून २०११-१२ झालं आणि २०१३-१४ ची वाढ ४.७ वरून थेट ६.९ टक्क्यांवर गेली. जुनी आणि नवी मालिका एकाच आलेखात कधीच जोडू नका.

किरकोळ महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास याच मंत्रालयाकडून येतो. घाऊक महागाई मात्र वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाकडून, १४ च्या आसपास. बातमीत नुसतं ‘महागाई’ असेल तर आधी कुठली ते बघा.

अनेक वर्षांची रांग एकत्र हवी असेल तर रिझर्व्ह बँकेचा डीबीआयई (डेटाबेस ऑन इंडियन इकॉनॉमी) हा ऑनलाइन विदासाठा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. एक्सेलमध्ये उतरवून घेता येतं. परकीय चलनसाठा बँक दर शुक्रवारी देते. मंत्रालयाचं २०२४ मध्ये सुरू झालेलं ई-सांख्यिकी पोर्टलही चाळून बघा.

मराठीत हवं असेल तर पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, मराठी पत्रकं आहेत. आणि राज्यापुरतं म्हणाल, तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या तोंडावर ती येते, मराठीत आणि फुकट. माझी मुलं मात्र तिच्या नोट्स विकत घेतात.