परसात रेल्वेचा दगड, हातात इसारपावती

प्रश्न: सांगलीत विश्रामबाग परिसरात रेल्वेच्या रुळांलगत अडीच गुंठ्यांवरील बैठे घर घेण्याचे ठरवून मी नोटरीसमोर साठेखत केले व पाच लाख रुपये इसार दिला. प्लॉट गुंठेवारीचा (परवानगीविना तुकडे पाडून विकलेला) असून सातबारा सामाईक आहे. नंतर परसात, कंपाउंडच्या आतल्या बाजूस, रेल्वेच्या हद्दीचा दगड आढळला. मालक म्हणतात, दगड जुना आहे, आम्ही पंचवीस वर्षे घरपट्टी भरत आहोत. बँकेने रेल्वेचा ना हरकत दाखला मागितला आहे. महिनाअखेर खरेदीपत्र न केल्यास इसार जप्त करू, अशी नोटीस मालकांनी वकिलामार्फत पाठवली आहे. मी काय करावे?

उत्तर: तो दगड खरोखर रेल्वेची हद्द दाखवतो का, हे शासकीय मोजणीने ठरेपर्यंत आपण खरेदीपत्रावर सही करू नये, मात्र नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर अवश्य द्यावे. आपण खरेदीस तयार आहात, उर्वरित रकमेची तजवीज झालेली आहे आणि अडचण केवळ हद्दीच्या खुलाशाची आहे, हे त्या उत्तरात स्पष्टपणे यावे. आपण गप्प राहिलात, तर करार आपणच मोडला असे म्हणण्यास मालकांना आयती जागा मिळेल.

बँकेची मागणी आणि आपली शंका या दोन वेगळ्या बाबी आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत नवे बांधकाम किंवा पुनर्बांधकाम करावयाचे असल्यास रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो, आणि हे अंतर रुळापासून नव्हे, हद्दीपासून मोजले जाते. हा दाखला बांधकामापुरता असतो. तो मिळाला म्हणून जागा मालकांचीच आहे असे सिद्ध होत नाही. पुढे वर मजला चढवण्याचा विचार असेल, तर ही अट आपल्याला लागू होईल हे आजच धरून चालावे.

खरा धोका मालकीचा आहे. दगडापलीकडची पट्टी रेल्वेची निघाल्यास मालकांना ती विकताच येणार नाही, कारण आपल्याजवळ नसलेला हक्क कोणी दुसऱ्यास देऊ शकत नाही. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. शासनाविरुद्ध प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे दीर्घ ताब्यामुळे मालकी मिळाल्याचा, दावा सांगावयाचा तर मुदतीच्या कायद्याप्रमाणे ३० वर्षांचा उघड व विरोधी कब्जा सिद्ध करावा लागतो. मालक स्वतःच पंचवीस वर्षे सांगत आहेत. गुंठेवारी नियमितीकरणाचाही येथे उपयोग नाही, कारण २००१ चा तो कायदा खासगी मालकीच्या जमिनीवरील प्लॉटसाठी आहे. उलट सार्वजनिक जागांवरील अनधिकृत भोगवटादारांना निष्कासित करण्याच्या १९७१ च्या कायद्याखाली रेल्वेचा संपदा अधिकारी थेट कारवाई करू शकतो, त्यात दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद असतो आणि जिल्हा न्यायाधीशांकडे अपिलास अवघे बारा दिवस मिळतात.

म्हणून सर्व भर मोजणीवर द्यावा. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज मालकांनी करावयाचा आहे, आणि लगतधारक म्हणून रेल्वेला नोटीस जाईल याकडे आपण जातीने लक्ष द्यावे. रेल्वेचा प्रतिनिधी गैरहजर असताना झालेली मोजणी उद्या रेल्वे मान्य करील याची खात्री नसते. या मार्गाचा कारभार मध्य रेल्वेच्या पुणे विभागाकडे आहे. तेथील जमिनीच्या नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. आपल्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. सातबारा सामाईक असल्याने केवळ आपल्या अडीच गुंठ्यांची वेगळी मोजणी सहसा होत नाही. सर्व्हे नंबरची बाहेरची हद्द मोजावी लागते आणि त्यासाठी इतर खातेदारांची संमती गोळा करावी लागते. याला वेळ लागेल, पण तो वेळ मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

मोजणीची 'क' प्रत, म्हणजे अर्जदारास मिळणारा मोजणीचा नकाशा, हाती येईपर्यंत मालकांकडील जुनी खरेदीपत्रे वाचून काढावीत. चतुःसीमेत त्या बाजूस 'रेल्वेची हद्द' लिहिले आहे, 'रेल्वे लाईन' लिहिले आहे की 'पडीक जागा', आणि प्रत्येक विक्रीत क्षेत्र तेवढेच राहिले आहे का, हे पाहावे. दोन गुंठ्यांचा प्लॉट कागदोपत्री मध्येच अडीच गुंठ्यांचा झालेला असेल, तर उत्तर तेथेच मिळते. बँकेच्या वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट कागद तपासतो, जमीन मोजत नाही. तेवढ्यावर विसंबू नये.

इसाराविषयी आपली बाजू बरी आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार मालमत्तेतील किंवा हक्कातील महत्त्वाचा दोष उघड करणे, हक्काची कागदपत्रे तपासावयास देणे आणि त्याविषयीच्या प्रश्नांना उत्तर देणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. ते न करता इसार जप्त करता येत नाही. उलट, खरेदीस आपण विनाकारण नकार दिलेला नसल्यास, दिलेल्या रकमेपुरता मालमत्तेवर आपला बोजा, म्हणजे त्या मालमत्तेतून रक्कम वसूल करण्याचा हक्क, राहतो. दोन उणिवा मात्र लक्षात ठेवाव्यात. दगड उघड्यावर असल्याने 'साधी काळजी घेतली असती तर दिसला असता' असा बचाव मालक घेतील. दगड कधी आणि कसा दिसला हे तारखेसह लिहून ठेवावे व छायाचित्रे काढावीत. शिवाय साठेखत नोंदणीकृत नाही. करारपूर्तीच्या दाव्यात ते पुराव्यात घेता येते, पण मुद्रांक कमी असल्यास फरक व दंड भरावा लागेल.

पुणे–मिरज दुहेरीकरणाच्या संदर्भात, रेल्वे कायद्याच्या कलम २० अ खालील कोणत्याही भूसंपादन अधिसूचनेत आपला सर्व्हे नंबर आहे का, हे प्रांत कार्यालयात विचारून घ्यावे. संपादन झाल्यास भरपाई मिळते, अतिक्रमण निघाल्यास मिळत नाही. गाड्यांचा आवाज व हादरे यांविषयी न्यायालयाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. हव्या तर दोन रात्री त्या घरात झोपून पाहावे.

मोजणीत केवळ परसाची पट्टी रेल्वेकडे गेली, तर किंमत त्या प्रमाणात कमी करून 'क' प्रतीतील क्षेत्राप्रमाणेच खरेदीपत्र करावे. 'पुढे काही झाल्यास मी जबाबदार' अशा मालकांच्या हमीपत्रावर तो फरक सोडून देऊ नये, कारण ते रेल्वेवर बंधनकारक नसते आणि वसुलीसाठी आपल्यालाच दावा लावावा लागतो. घराची भिंतच हद्दीत निघाली, तर व्यवहार सोडावा. रद्दलेखावर सही आणि इसाराची रक्कम आपल्या खात्यात जमा होणे, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या पाहिजेत.