10 बाय 12 च्या खोलीसाठी 15 लाखांची म्युझिक सिस्टिम घ्यावी, की खोलीवरच खर्च करावा?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या फ्लॅटमधली 10 बाय 12 ची खोली गाणं ऐकण्यासाठी राखून ठेवली आहे, दुकानदाराने 15 लाखांचं कोटेशन दिलंय, आणि एक मित्र म्हणतोय की खोलीच सगळं ठरवते, बाकी पैसे पाण्यात. मी घरोघरी माईक लावून खोल्या मोजून देतो, म्हणजे खोलीचीच बाजू घेणं माझ्या धंद्याच्या सोयीचं. पण तुमचा मित्र अर्धाच बरोबर आहे.

आधी त्याचं जे बरोबर आहे ते. तुमच्या खोलीची लांबी 12 फूट. सुमारे 47 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 47 कंपनांच्या, लहरीची अर्धी लांबी नेमकी एवढीच भरते. त्यामुळे ती लहर दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते आणि तिच्या दुपटीची, म्हणजे 94 हर्ट्झचीही तशीच. रुंदी 10 फूट, तिची पहिली लहर 57 च्या आसपास. छतही 10 फुटांवर असेल तर तीच 57 पुन्हा, दुप्पट जोराने. आता सोफा भिंतीला टेकवलात तर या सगळ्या लहरी तिथे एकदम फुगलेल्या मिळतील. तीन फूट पुढे आलात तर 94 गायब. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर 47 गायब. स्पीकर 50 हजारांचा असो की 50 लाखांचा, हे गणित तसूभर हलत नाही. चांगल्या स्पीकरच्या स्वतःच्या आवाजात दोन-तीन डेसिबलचा चढउतार असतो. खोली मात्र खालच्या सुरांत 15-20 डेसिबलचे खड्डे-उंचवटे सहज करते.

हे कानाला कसं जाणवतं? डग्ग्याचा घुमारा साधारण 80 ते 120 हर्ट्झच्या टापूत असतो. तबलजी मनगट दाबत पुढे सरकवतो आणि डग्ग्याची मींड वर चढते. बैठकीत ती सलग ऐकू येते. अशा खोलीत ती मध्येच फुगते, मग कुणीतरी बटण बंद केल्यासारखी विरते आणि शेवटाला पुन्हा उगवते. ऐकता ऐकता डोकं फूटभर पुढे आणलं की फुगण्याची आणि विरण्याची जागाच बदलते. लोक याला 'स्पीकरचा बेस बरोबर नाही' म्हणतात आणि महागडी केबल आणतात. तुमच्या आकाराच्या खोलीत ढोबळमानाने 250 हर्ट्झच्या खाली राज्य खोलीचं असतं.

वरच्या सुरांचा प्रश्न वेगळा. नव्या फ्लॅटचा ताबा घेताना रिकाम्या खोलीत बोललं की घुमतं, आठवतंय? प्लास्टरच्या भिंती, व्हिट्रिफाइड टाइल्स आणि काचेच्या स्लायडिंग खिडक्या आवाज जवळपास शोषतच नाहीत. हिशेब केला तर तुमची खोली अगदी रिकामी असताना आवाज विरायला तीनेक सेकंद लागतील. ऐकण्याच्या खोलीत तो 0.3 ते 0.5 सेकंदात विरावा. हा हिशेब ज्याने मांडला तो वॉलेस सॅबाइन. हार्वर्डच्या फॉग म्युझियममधल्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळत नव्हतं, म्हणून 1895 मध्ये या तरुण प्राध्यापकाला ते काम दिलं गेलं. शेजारच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर नेऊन ठेवायचा. 1900 साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्याच हिशेबावर उभा आहे. आपल्याकडे बैठकीला गाद्या, लोड आणि तक्के असायचे. सूत्र कुणी मांडलं नव्हतं, पण खोलीचं काम आपोआप होत होतं.

आता मित्राचं जे चुकतंय ते. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. त्यातून दिसलं ते असं, की मधल्या आणि वरच्या सुरांत माणसाचा कान खोलीशी लवकर जुळवून घेतो आणि खोलीच्या आरपार स्पीकरचा स्वभाव ओळखतो. वाईट स्पीकर चांगल्या खोलीतही वाईटच वाजतो. आणखी एक गंमत: पडदा काढून स्पीकर दिसू लागले की त्याच माणसांनी दिलेले गुण बदलले. चकचकीत शोरूममध्ये 15 लाखांचा आकडा ऐकून घेतलेला डेमो किती खरा मानायचा, हे यावरून ठरवा.

म्हणून भिंती फोमने मढवून टाकू नका. हे खूळ सध्या फार आहे. पातळ फोम आणि अंड्यांचे ट्रे फक्त वरचे सूर खातात, खालचा गोंधळ जसाच्या तसा राहतो. खोली मेल्यासारखी होते आणि तानपुऱ्याची झळाळी जाते.

ज्यांना खरंच उधळायचं होतं त्यांनीही खोलीपासूनच सुरुवात केली आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ केन फ्रिट्झ नावाचे गृहस्थ होते. त्यांनी राहत्या घरालाच श्रवणगृह जोडलं, माणसाहून उंच स्पीकर स्वतः बांधले आणि त्यात आयुष्याची कित्येक वर्षं घातली. सगळ्याची किंमत दहा लाख डॉलरच्या घरात धरली जायची. 2022 मध्ये ते गेले, त्यानंतर सामान सुटंसुटं विकलं गेलं आणि हाती आले दीड लाखाच्या आसपास डॉलर. जपानमध्ये काही शौकीन शुद्ध विजेसाठी स्वतःचा वेगळा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतात. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण 10 बाय 12 च्या खोलीत त्यातलं काहीही ऐकू येणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर दोन ते तीन लाखांची चांगली बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायच्या लहान स्पीकरची, जोडी घेतली असती. कोटेशनमधले जमिनीवर उभे राहणारे टॉवर स्पीकर या खोलीत मुद्दाम नको, ते खालच्या लहरींना आणखी चेव आणतात. अँप्लिफायर 50-60 वॅटचा पुरे. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि एवढ्या खोलीत बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्च होतात. मोठ्या अँपऐवजी रूम करेक्शन, म्हणजे माईकने खोली मोजून त्याप्रमाणे आवाज दुरुस्त करण्याची सोय, असलेला अँप घ्या. दोन लहान सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारे स्पीकर) समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा, त्या दिशेची पहिली लहर बऱ्यापैकी दबते. करेक्शनकडून मात्र चमत्काराची अपेक्षा नको. ते उंचवटे कापतं, खड्डे भरू शकत नाही. खड्ड्यावर इलाज एकच, बसायची जागा बदलणं. मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर सुरुवात करा आणि तिथून थोडं पुढे-मागे सरकून बघा.

खोलीसाठी सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्या, आत चार इंच जाडीचं रॉकवूल (दगडी तंतूंची लादी), वरून हवा आरपार जाईल असं सुती कापड. कुठे लावायच्या ते आरसा सांगतो: तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की ती जागा. कोपऱ्यांत जाडी जितकी जास्त देता येईल तितकी द्या. तोवर घरातल्या जुन्या कापसाच्या गाद्या कोपऱ्यात उभ्या रचून पाहा. 47 हर्ट्झला त्या काही करणार नाहीत, पण दीड-दोनशेच्या वर फरक कळतो. एक पडदा आणि जाड सतरंजी यात आलीच. मोजायला रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, माईक तेवढा विकत घ्यावा लागेल.

सगळं मिळून 15 लाखांच्या निम्म्यातही जाणार नाही. उरलेल्या पैशांत सवाईची पुढच्या रांगेतली तिकिटं काढा, डग्गा खरा कसा वाजतो ते कानात बसलं की घरचं लावणं सोपं जातं.

शेजाऱ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. वर सांगितलेल्या चौकटी खोलीतलं घुमणं कमी करतात, भिंतीपलीकडे जाणारा आवाज थांबवत नाहीत. त्याला वजनदार दुहेरी भिंत आणि हवाबंद दार लागतं, आणि फ्लॅटमध्ये ते सहसा परवडत नाही. सबवूफर घेण्याआधी खालच्या मजल्यावर कोण राहतं ते बघून घ्या. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराकडे स्पीकरचा घरी डेमो मागा, तुमच्या खोलीत, दोन दिवस. नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.