लोकशाही देश एकमेकांशी लढत नाहीत, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं, पण ‘एकमेकांशी’ हा शब्द सोडू नका. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1795 मध्ये मांडलेला मुद्दा साधा होता: युद्धाचा खर्च आणि मरण ज्यांच्या माथी येतं, त्यांची संमती लागत असेल तर ते दहादा विचार करतील. राजाला काय, त्याची मेजवानी चालूच! 1983 मध्ये अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायकेल डॉइल यांनी हाच धागा उचलला. उदारमतवादी लोकशाह्या आपसात युद्ध टाळतात, इतरांशी मात्र खुशाल लढतात, असं त्यांनी दाखवलं.

याला अपवाद म्हणून कारगिल युद्धाचं उदाहरण हमखास येतं. 1999 मध्ये दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं होती. पण पाकिस्तानात लष्कर कुणाच्या ताब्यात होतं, हे ऑक्टोबरमध्ये लष्कराने सरकार उलथवलं तेव्हा दिसलंच.

मला खटकतं ते वेगळंच. 1929 मध्ये ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुषांनी प्रथमच समान मताधिकाराने मतदान केलं, मजूर पक्षाचं सरकार आलं. त्याच सरकारच्या काळात, मे 1930 मध्ये, आमच्या सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी अंमल) लागला. जानेवारी 1931 मध्ये सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा येरवड्यात फासावर गेले. सोलापूरकरांना त्या निवडणुकीत मत कुठे होतं? कांटच्याच तर्काने पाहिलं तर, ज्यांनी भोगलं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.