आप्पांना विचारा : बाटल्यांचं कपाट आणि आपल्याकडचा मळ

नमस्कार आप्पा. मी अमळनेरला शिक्षक आहे. घरी पांढरी ब्रेझा आहे. गाडी धुण्या-चमकवण्याचा मला मनापासून नाद आहे. गेल्या काही वर्षांत सामान एवढं वाढलं की शाम्पूच पाच प्रकारचे झाले. शिवाय तीन वॅक्स, दोन क्ले बार (रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ मातीची वडी), रबिंगचे डबे, टायर पॉलिश, स्प्रे. निम्म्या बाटल्या अर्ध्या वापरलेल्या, काहींचं सील अजून तसंच आहे. सगळं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवतो. वडील म्हणतात, ‘हाई काय दुकान मांडेल शे?’ नाद सोडायचा नाही, पण आता पुढे काय घ्यावं आणि काय काढून टाकावं ते कळत नाही. सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे रंगावर कडक पारदर्शक थर बसवणाऱ्या द्रवाची, बाटली मागवायचं मनात आहे. मागवू का?

सर, नाद अजिबात सोडू नका. गाडीला स्वतःच्या हाताने जपणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. जळगावात डेंटिंग-पेंटिंगमध्ये उभा जन्म गेला, त्यात गाड्या अपघातापेक्षा हलगर्जीपणाने जास्त खराब झालेल्या पाहिल्या.

पण हे वाचून झालं की आधी गच्चीवर जा आणि सगळं सामान खाली आणा. कोणताही स्प्रेचा डबा उचलून मागचा मजकूर वाचा. ५० अंशांच्या वर तापू देऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. मग बंद पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. दाबाखालचा डबा तिथे फुटू शकतो. गाडीच्या डिक्कीलाही हाच नियम लावा. मलईसारखी वॅक्स आणि पॉलिश म्हणजे तेल, पाणी आणि पावडर यांचं मिश्रण. ते वारंवार तापलं की फाटतं, वर पाणी आणि खाली गाळ होतो. जिन्याखालचं, भिंतीच्या गारव्यातलं कपाट सगळ्यात चांगलं. त्याला कुलूप हवं. आणि पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कोणतंही केमिकल ओतून ठेवलं असेल तर ते आजच काढा. उन्हातून आलेलं पोर बाटली दिसली की तोंडाला लावतं. यात मी कुणाचंही काही ऐकून घेत नाही.

सामान खाली आलं की जमिनीवर मांडा. कंपनीप्रमाणे मांडू नका, मळाप्रमाणे मांडा. प्रत्येक बाटली हातात घेऊन विचारा, ही कोणता मळ काढते? जिचं उत्तर देता येत नाही ती बाजूला ठेवा. दोन बाटल्या एकच काम करत असतील तर आधी उघडलेली संपवा. माझं म्हणणं एवढंच आहे की संग्रह आपल्या गाडीवर बसणाऱ्या घाणीतून वाढला पाहिजे. दिवाळीच्या सेलमधून वाढलेला संग्रह कपाट भरतो, पण ऐन वेळी हवी ती वस्तू त्यात नसते.

खानदेशातली घाण काही औरच आहे. पहिली धूळ. काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि त्यात खडे असतात. भुसावळकडे दीपनगरच्या वीज केंद्राची राख त्यात मिसळते. या राखेचे कण काचेसारखे कडक असतात. कोरड्या फडक्याने बोनेट पुसलं की तेच कण पॉलिश पेपरसारखे रंगावर फिरतात आणि उन्हात जे गोल गोल जाळं दिसतं ते तयार होतं. त्यामुळे तुमच्या पाच शाम्पूंपैकी सौम्य, पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही) असा एकच पुरे. त्याच्या जोडीला दोन बादल्या हव्यात, एक साबणाची आणि एक हातमोजा खळबळून घ्यायची. तळाला जाळी ठेवली तर खाली बसलेली माती परत मोज्याला लागत नाही. आधी साध्या पाण्याने धूळ उतरवा, मग मोजा लावा. वरून खाली या, चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या ब्रशने.

दुसरी घाण लोखंडाची. ही बहुतेकांना माहीतच नसते. भुसावळला यार्डाच्या आसपास गाडी उभी राहत असेल तर पांढऱ्या रंगावर बारीक नारिंगी ठिपके दिसतात. लोकांना वाटतं पत्रा गंजला. तसं नसतं. रेल्वेच्या चाकांतून, रुळांतून आणि गाड्यांच्या ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून तिथे गंजलेले असतात. अमळनेरही सुरत-भुसावळ मार्गावर आहे, आणि ब्रेकची धूळ तर प्रत्येक गाडीला असते. धुतलेल्या, गार गाडीवर सावलीत आयर्न रिमूव्हर, म्हणजे हे लोखंडाचे कण विरघळवणारं औषध, मारा. दोन-तीन मिनिटांत ठिपक्यांभोवती जांभळे ओघळ उतरायला लागतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो त्या औषधाचाच, घाबरू नका. वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. तुमच्या पत्रातल्या सामानात हे दिसलं नाही. नवं काही घ्यायचंच असेल तर पहिलं हे घ्या.

यानंतर तळहात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावर हलकेच फिरवा. खरखर लागली तरच क्ले बार काढा. तो भरपूर वंगण-पाणी मारून सरळ रेषेत फिरवायचा, आणि जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा. कितीही महाग असला तरी. त्यात एक खडा रुतला तरी अख्खा दरवाजा ओरबाडला जातो.

रबिंगचे डबे किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. दोनपेक्षा जास्त असतील तर ते मला आवडणार नाही. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. रबिंग म्हणजे त्यातलाच थोडा थर खरवडून काढणं. तो परत येत नाही. दर दिवाळीला रबिंग करून घेतलेल्या गाड्यांचं पाच-सात वर्षांत छत पांढरं पडलेलं मी पाहिलं आहे. एक बारीक पॉलिश ठेवा, ओरखडा नखाला लागत नसेल तिथेच वापरा आणि शक्य तेवढं कमी घासा.

पॉलिश करताना रबर आणि काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावा. ही टेप मुळात गाड्यांसाठीच जन्मली. १९२५ साली थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी दोनरंगी गाड्या रंगवणाऱ्या कारागिरांसाठी ती बनवली, कारण तेव्हाच्या चिकट पट्ट्या काढताना ताजा रंगच उपटून यायचा. कपाटातली सगळ्यात स्वस्त वस्तू हीच असेल, पण ती नसली की काळ्या प्लास्टिकच्या खाचेत पांढरं पॉलिश बसतं आणि वर्षभर निघत नाही.

तीन वॅक्सचं काय? कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. झळाळी सुरेख देतं, पण आपल्या उन्हाळ्यात फार दिवस टिकत नाही. ते दिवाळीला आणि लग्नसराईला वापरून संपवा. होळीनंतर सिंथेटिक सीलंट, म्हणजे कारखान्यात बनवलेलं वॅक्ससारखं संरक्षक, लावा, ते उन्हाला सहज दाद देत नाही.

आता सिरॅमिक. आत्ता मागवू नका. ही बाटली साठवायची वस्तूच नाही. एकदा उघडली की हवेतला ओलावा लागून आतलं द्रव्य घट्ट व्हायला लागतं. शिवाय ते लावण्याआधी लोखंड, क्ले, पॉलिश असं सगळं करून पत्रा निर्मळ करावा लागतो, नाहीतर जे ओरखडे आहेत तेच आत बंद होतात. तापलेल्या पत्र्यावर ते पुसायच्या आत वाळतं आणि डाग राहतात. डिसेंबरच्या गारव्यात, बंद आणि धूळ नसलेल्या जागेत लावा. पुढे निदान एक दिवस पाण्याचा थेंब नको आणि आठवडाभर शाम्पू नको. ज्या आठवड्यात लावायचं त्याच आठवड्यात बाटली घ्या.

अर्धवट बाटल्यांवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा. हलवून एकजीव होतं ते चांगलं. गुठळ्या झाल्या, आंबूस वास आला की टाका, पण गटारात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. चाकं धुवायच्या जहाल औषधांवर हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड लिहिलेलं दिसलं, तर ते घरात ठेवूच नका. त्वचेतून आत जाऊन ते हाडापर्यंत इजा करतं आणि सुरुवातीला बऱ्याचदा दुखतही नाही. कोणतंही आम्ल ब्लीचिंगच्या द्रावणाजवळ ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

राहिले वडील. रविवारी त्यांना सोबत घ्या. काच पुसायचं काम त्यांना द्या, पण फिल्म लावलेल्या काचेवर अमोनियाचं क्लीनर नको. स्वच्छ काचेतून रात्री समोरच्या दिव्यांचा झगमगाट किती कमी होतो, हे त्यांनी एकदा धुळ्याच्या रस्त्याला अनुभवलं की बोलणं आपोआप बदलेल.

आप्पा, आमची रावेरला केळी आहे. बोलेरो रोज मळ्यात जाते. सीटवर, दाराच्या आतल्या बाजूला केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेत. बाजारातले तीन-चार क्लीनर आणून झाले. कोणतं आणू?

भाऊ, आणखी आणू नका. चीक निघतो तेव्हा पाण्यासारखा असतो. हवा लागली की त्यातली द्रव्यं काळी पडतात आणि धाग्यात पक्की बसतात. कापणीच्या कपड्यांवरचे डाग जात नाहीत हे तुमच्या घरी बायामाणसांना चांगलं ठाऊक आहे. सीटचं कापड त्याहून वेगळं नाही. ताजा चीक मात्र नुसत्या पाण्याने निघतो. म्हणून गाडीत पाण्याची बाटली आणि दोन जुनी मायक्रोफायबरची (अतिबारीक धाग्याची) फडकी ठेवा आणि चीक लागला की जागेवरच टिपून घ्या. घासू नका, घासल्याने तो पसरतो.

जुन्या डागासाठी तुमच्याकडच्या क्लीनरपैकी ऑल पर्पज क्लीनर असेल तो एकास दहा पाण्यात करा, मऊ ब्रशने फेस काढा आणि ओल्या कापडाने उचला. दाराच्या प्लास्टिकवरचा बराचसा जाईल. कापडावरचा फिका होईल, पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. खरा उपाय म्हणजे रेक्झिनचं कव्हर आणि मजुरांच्या सीटवर धुता येणारी चादर. त्या पैशात दोन वर्षांचे क्लीनर वाचतील.

मी धुळ्याला डिप्लोमाला आहे. बाबांची जुनी वॅगन आर मीच धुतो. बोअरच्या पाण्याने काचेवर आणि बोनेटवर पांढरे ठिपके पडतात. मला तुमच्यासारखं सगळं सामान जमवायचंय, पण हातात हजार-बाराशे रुपयेच आहेत. भांड्याच्या साबणाने धुतलं तर चालेल का?

बेटा, भांड्याचा साबण नको. तो तेल ओढण्यासाठीच बनवलेला असतो, त्याने गाडीवरचं वॅक्सही जातं.

तुझ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आहेत. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यामुळे गाडी कधीही उन्हात धुवायची नाही. सकाळी पत्रा गार असताना धू, एकेक भाग धुऊन लगेच पुस, गाडीवर पाणी वाळूच द्यायचं नाही. पडलेल्या ठिपक्यांवर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान करून कापडाने मिनिटभर ठेव, मग नीट धू. त्यानेही गेले नाहीत तर क्षारांनी रंग खाल्ला आहे असं समज आणि घासत बसू नको.

तुझ्या पैशात बसेल असं सांगतो. एक सौम्य कार शाम्पू, एक हातमोजा, पाणी टिपायला जाड मायक्रोफायबर टॉवेल, आतून पुसायला तीन-चार साधे मायक्रोफायबर. बादल्या घरच्या चालतील. यातला जाड टॉवेल मात्र चांगला घे, स्वस्तातला घेऊ नकोस. आणि त्याला घरच्या कपड्यांसोबत कधी टाकू नको. मायक्रोफायबरचा धागा चिरलेला असतो, त्या चिरांमध्ये तो पाणी आणि धूळ धरतो. सुती कपड्यांचे तंतू त्यात अडकतात. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव टाकलं तर चिरा बुजतात आणि टॉवेल पाणी प्यायचाच थांबतो. पातळ डिटर्जंटमध्ये वेगळा धू, सावलीत वाळव, पिशवीत घालून ठेव. चाकाला वापरलेलं कापड परत बोनेटला लावू नको, त्याच्या कोपऱ्याला दोऱ्याची खूण कर.

वॅक्स, पॉलिश यातलं काही आत्ता नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत हात बसला की मला पुन्हा लिही. गाडीचा रंग कोणता ते कळव, आणि दुपारच्या उन्हात काढलेला बोनेटचा फोटो सोबत पाठव.