जंगलामुळे गावाची गरिबी खरंच कमी होते का?

होते, पण जंगल जवळ असून भागत नाही, त्यावर गावाचा हक्क लागतो. नाहीतर गडचिरोली एवढ्या दाट जंगलाचा जिल्हा असून इतकी वर्षं गरीब राहिला नसता.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली 2009 मध्ये या छोट्या गोंड गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा आणि तो वनखात्याच्या हातात. त्यासाठी गाव भांडलं. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे दिलं. तेव्हापासून बांबूचा सौदा ग्रामसभा करते, तोडणीची मजुरी गावातच राहते. माझ्या मते खरा बदल त्या पुस्तकाने केला.

विडीला लागणाऱ्या तेंदूपानांचंही तसंच. मे महिन्याच्या उन्हात अख्खं घर पहाटे पानं तोडायला जातं, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, मोजून देतं. पेरणीच्या तोंडावर हातात येणारा हा पैसा बियाण्याला लागतो, सावकाराकडे जावं लागत नाही. ग्रामसभेने स्वतः लिलाव केला तर मजुरीशिवाय रॉयल्टीही गावाला मिळते.

मोहफुलांचं मात्र अजून दुखणं आहे. हंगामात व्यापारी पडेल भावाने घेतो आणि पावसाळ्यात तीच फुलं महाग विकतो. गावात कोरडं गोदाम असेल तर हा फरक वेचणाऱ्या बाईच्या घरात येईल.